पोस्ट टाकण्याआधी पुन्हा वाचायची गरज आहे का? सीमाभागात मराठी लिहिणाऱ्यांसाठी

आदिलाबाद : पावसाळ्यात पैनगंगा फुगते तेव्हा जैनथ, बेला, भीमपूर मंडलांतल्या काठच्या गावांत पाण्याच्या आधी मेसेज येतो. इसापूर धरणातून पाणी सोडलं, एवढे दरवाजे उघडले, काठच्या लोकांनी सावध राहावं. समजा हा मेसेज कोणी घाईत मोबाइलवर बोलून टाइप केला आणि मोबाइलनं ‘पैनगंगा’च्या जागी ‘वैनगंगा’ उमटवलं. शब्द खरा, वाक्य नीट, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. फक्त नदी दुसरी. वैनगंगा भंडारा-गडचिरोलीकडची, पैनगंगा आपल्या सीमेवरून वाहत जाऊन वर्धेला मिळते. काठावरचा शेतकरी वाचतो, ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणतो, आणि नदीवर बसवलेली मोटर काढायला जात नाही.

आपल्या भागात आता बातमी लिहिणारे फक्त वार्ताहर राहिलेले नाहीत. गावचा ग्रुप चालवणारा पोरगा, बाजारभाव टाकणारा अडत्याकडचा मुनीम, शाळेची सूचना देणारे गुरुजी, पेज चालवणारे, पोर्टलला मजकूर पाठवणारे, सगळेच लिहितात आणि सगळेच लगेच टाकतात. त्यामुळे प्रश्न साधा आहे. लिहून झालं की टाकून द्यायचं, की एकदा वाचून मग टाकायचं? वाचण्यात पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात दुसऱ्या ग्रुपवर बातमी पडलेली असते, ही अडचण खरी आहे.

थोडक्यात उत्तर : वाचायलाच पाहिजे. मात्र सगळं सारख्याच बारकाईनं तपासायला वेळ नसेल, तर आधी काय तपासायचं हे ठरलेलं पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ मागून बघितलं तरी चालतं. नाव, आकडा, तारीख आणि ‘नाही’ हा शब्द मागून बघून चालत नाही.

‘नंतर दुरुस्त करता येतं की!’

हा युक्तिवाद सगळ्यांच्या तोंडी असतो, आणि वरवर पाहता बरोबरही वाटतो. छापलेला पेपर परत बोलावता येत नाही, वेबसाइटवरची बातमी मात्र कधीही उघडून बदलता येते.

पण आपल्याकडे बातमी वेबसाइटवर वाचली जाते किती? ती फिरते व्हॉट्सॲपवर. एखादी लिंक पाठवली की तिच्याखाली जे शीर्षक आणि फोटो दिसतो, तो पाठवण्याच्या वेळचा असतो. मूळ पानावर नंतर शीर्षक बदललं, तरी आधी गेलेल्या मेसेजखालचं जुनं शीर्षक तसंच राहतं. बहुतेक लोक लिंक उघडतही नाहीत, शीर्षकावरच काम भागवतात. स्क्रीनशॉट निघाला असेल तर विषयच संपला. थेट मेसेज लिहिला असेल तर व्हॉट्सॲप तो बदलायला १५ मिनिटं देतं, पण तेवढ्यात कोणी पुढे ढकललेला मेसेज काही आपोआप बदलत नाही. म्हणजे पानावर दुरुस्ती होते आणि चूक मात्र किनवट, माहूर, पांढरकवडा करत फिरत राहते.

छापखान्याच्या काळात उलट होतं. चूक राहिली तर ती कायमची, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती राहू नये यासाठी माणसं पगारावर ठेवलेली असत. खिळे जुळवणारा जुळारी, त्यानं जुळवलेल्या मजकुराचा कच्चा कागद म्हणजे गॅली प्रूफ, आणि तो तपासणारा मुद्रितशोधक. मोठ्या छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाची आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवून खुणा करी. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं नाव देशभर झालं ते सुबक टायपाबरोबरच शुद्ध छपाईमुळे. तिथले संस्कृत ग्रंथ पंडित मंडळी निर्धास्तपणे हातात घेत. एवढं करूनही चूक राहिलीच, तर तिचं खापर ‘मुद्राराक्षसा’वर फोडायची सोय होती. आता लिहिणारा, जुळारी, मुद्रितशोधक आणि पेपर टाकणारा पोरगा, सगळं एकच माणूस आणि एकच अंगठा. राक्षस मात्र गेलेला नाही.

गावाचं नाव : इथे सगळ्यात जास्त गोंधळ

११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. याला इतकी वर्षं झाली, तरी ‘आदिलाबाद जिल्ह्यातील बासर’ असं लिहिलेलं अजून सापडतं. बासरचं सरस्वती मंदिर आता निर्मल जिल्ह्यात आहे. भीमांचं स्मारक असलेलं जोडेघाट आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. नागोबाच्या जत्रेचं केस्लापूर मात्र इंद्रवेल्ली मंडलात, म्हणजे आदिलाबादमध्येच आहे. जुन्या बातमीवरून नवी बातमी उतरवताना ही चूक अलगद शिरते, कारण जुन्या बातमीत ती चूक नव्हतीच.

नावांचं सारखेपण हा दुसरा सापळा. जैनथ आणि जैनूर : पहिलं आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकडे, दुसरं आसिफाबाद जिल्ह्यात डोंगरात. सिरपूर तर दोन आहेत, सिरपूर (टी) आणि सिरपूर (यू). दोन्ही मंडलं, दोन्ही आसिफाबाद जिल्ह्यात. कंसातलं एक अक्षर ‘काय करायचं ते’ म्हणून गाळलं, की कागजनगरच्या बाजूची बातमी जैनूरच्या बाजूला जाऊन पडते. नोकरीच्या जाहिरातीत किंवा शिबिराच्या सूचनेत हे झालं, तर एखाद्याचा दिवस आणि बसभाडं दोन्ही वाया.

तिसरी भानगड लिप्यांची. सरकारी नोट तेलुगूत येते, त्यावरून कोणी इंग्रजीत करतं, आणि इंग्रजीवरून मराठीत. तेलुगू नावं इंग्रजीत लिहिताना ‘त’साठी टीएच आणि ‘ट’साठी नुसता टी वापरायची रीत आहे. आपल्याकडे टीएच दिसला की हात ‘थ’ लिहितो. नावाच्या शेवटचा ‘अ’ तेलुगूत उच्चारला जातो, मराठीत तो कधी ‘आ’ होतो, कधी गायब. पैनगंगेवरचा बंधारा कोणी चनाका-कोराटा लिहितं, कोणी चनाखा-कोरटा. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर आणखी मजा. ‘बोथ’चं इंग्रजी स्पेलिंग कोणी एक अक्षर खाऊन लिहिलं असेल, तर ‘बोथ मंडल’चं ‘दोन्ही मंडळे’ होऊन येऊ शकतं. वाचून न बघता टाकलं तर बोथ गावच नकाशावरून उडालं.

केरामेरी मंडल आणि महाराष्ट्राचा जिवती तालुका यांच्यामधल्या ज्या १४ गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात, तिथे तर नावावरूनच बाजू कळते. एकाच वस्तीला इकडच्या कागदावर परंदोळी म्हणतात आणि तिकडच्या कागदावर परमडोली. तिथल्या माणसांकडे दोन्हीकडचे कागद असतात, त्यामुळे एक नाव ‘चूक’ समजून दुसरं करून टाकणं हे प्रूफ तपासणं नाही. पहिल्यांदा दोन्ही नावं द्यावीत, नंतर एक धरून चालावं.

माणसांच्या नावांचंही तसंच. तेलुगू रीतीत आडनाव किंवा घराणं आधी, नाव नंतर. महाराष्ट्रात नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. कोमरम भीम यांच्या नावात कोमरम हे कुळाचं नाव आहे आणि भीम हे त्यांचं स्वतःचं. ते कुठे कोमरम, कुठे कुमरम, कुठे कुमुरम, कुठे कुमराम असं लिहिलं जातं. यातलं एकच खरं असं भांडत बसण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्यापुरतं एक रूप ठरवावं आणि ते पाळावं. नाहीतर महिन्यानं आपलीच जुनी बातमी शोधायला गेलं तर सापडत नाही. आणि इथल्या मराठी माणसाचं नाव तेलंगणाच्या कागदावर आडनावापासून सुरू झालेलं असेल, तर यादी उतरवताना एकाच माणसाचे दोन लाभार्थी होतात, किंवा दोन माणसांचा एक. एखाद्या गुन्ह्याच्या बातमीत असं झालं, तर ज्याचा काही संबंध नाही त्याचं नाव गावभर होतं. अशा वेळी वडिलांचं नाव आणि गाव जुळवल्याशिवाय बोट उचलूच नये.

आकडे

मराठीत देवनागरी अंक लिहायची आपली पद्धत आहे आणि ती असावीच. पण इथल्या अनेक पोरांचं शिक्षण तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात झालंय. देवनागरी अक्षरं त्यांना हिंदीच्या तासामुळे येतात, अंकांची मात्र सवय नसते. ‘१’ त्यांना इंग्रजी नवासारखा दिसतो, ‘४’ आठासारखा, ‘७’ सहासारखा. लिहिणाऱ्याची चूक काहीच नाही आणि वाचणाऱ्यानं मात्र भलतंच वाचलं, असं होतं. फोन नंबरात हे झालं तर राँग नंबर लागतो, तेवढ्यावर भागतं. भावात झालं तर गाडी भरून कापूस निघतो.

कापसाचंच घ्या. २०२५-२६ हंगामासाठी केंद्रानं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरवला. ८,११० ऐवजी ८,०११ झालं, तर क्विंटलमागे ९९ रुपयांचा फरक. वाचणाऱ्याला दोन्ही आकडे सारखेच खरे वाटतात, कारण दोन्ही ‘बसतात’. शिवाय हा भाव ८ टक्के ओलाव्याचा असतो. भारतीय कापूस महामंडळ १२ टक्क्यांपर्यंतचा माल भाव कापून घेतं, त्यावरचा घेत नाही. ‘८’ आणि ‘१२’ यांच्यात घोळ झाला, तर बाजार समितीच्या गेटवर भांडण लिहिणाऱ्याचं नाही, शेतकऱ्याचं होतं.

यावर जुना आणि स्वस्त उपाय चेकबुकात आहे. चेकवर रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहितात. दोन्हींत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम धरायची, असं १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १८ मध्येच सांगितलं आहे. भाव, मदतीची रक्कम आणि शेवटची तारीख, निदान एवढं तरी अंकांत आणि अक्षरांत दोन्हीकडे लिहिलं, तर लिहितानाच चूक लक्षात येते.

जमिनीच्या आकड्यात तर सीमा ओलांडली की अर्थच बदलतो. तेलंगणाच्या पट्टादार पासबुकात २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ते झाले अडीच एकर. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर २.२० म्हणजे दोन हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास ५ एकर १७ गुंठे. लिहायला तोच आकडा, रान मात्र दुपटीपेक्षा जास्त. पूरनुकसानीच्या बातमीत नुसतं ‘२.२०’ लिहून चालणारच नाही, एकर-गुंठे की हेक्टर-आर ते सांगावंच लागतं. यात तपासणाऱ्याच्या हाताशी एक खूणही आहे : एकर-गुंठ्यात बिंदूनंतर ४० किंवा त्याहून मोठा आकडा येऊच शकत नाही. ‘२.५० एकर’ दिसलं की थांबायचं. लिहिणाऱ्याला अडीच एकर म्हणायचं आहे की कुठेतरी आकडा चुकलाय, ते विचारायचं.

धरणाच्या पाण्याचंही असंच. महाराष्ट्रातल्या सूचनांत विसर्ग कधी क्युसेकमध्ये असतो, कधी क्युमेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. शेवटच्या अक्षरापुरता फरक, आणि पूर पस्तीसपट.

तारीख लिहिताना ‘परवा’ हा शब्द शक्यतो टाळावा. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. तेलुगूत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, मोन्ना आणि एल्लुंडी, त्यामुळे तेलुगूतून मराठीत येताना हा घोटाळा मराठीतच तयार होतो. ‘आज’, ‘उद्या’ हेसुद्धा पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये निरर्थक. तारीख आणि वार दोन्ही लिहावं, आणि ते एकमेकांशी जुळतात का ते कॅलेंडरवर बघावं. वार चुकला असेल तर बहुतेक वेळा तारीखही चुकलेली असते.

इतिहासातल्या आकड्यांना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हा आकडा कोणाचा? इंद्रवेल्लीचा गोळीबार २० एप्रिल १९८१ चा. मृतांचा सरकारी आकडा १३, आणि आदिवासी संघटना सांगतात तो त्याहून कितीतरी जास्त. यातला एकच आकडा, तोही कोणाचा ते न सांगता लिहिला, तर टायपिंगची एकही चूक नसताना मजकूर चुकीचा होतो.

गळलेला ‘नाही’

१६३१ साली लंडनच्या रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या राजमुद्रकांनी छापलेल्या बायबलात दहा आज्ञांपैकी व्यभिचाराच्या आज्ञेतला नकार छापायचा राहून गेला. देवाची मनाई होती, ती परवानगी झाली. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. एक छोटा शब्द, बाकी सगळं पुस्तक शुद्ध.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. मजकूर कापून चिकटवताना वाक्याचं शेपूटच तुटतं. ‘सोमवारी बाजार समितीत खरेदी होणार नाही’ यातलं शेवटचं शब्द ओळीबाहेर गेला, की उरतं ते पूर्ण, शुद्ध आणि उलटं वाक्य. पात्र-अपात्र, मंजूर-नामंजूर, वैध-अवैध हे शब्द एका-दोन अक्षरांनी फिरतात. ज्या बातमीत नकार हाच मुद्दा आहे, तिथे तो शीर्षकातही असावा आणि मजकुरातही. ‘खरेदी बंद’ असं सरळ लिहिता येत असेल तर ‘खरेदी होणार नाही’ लिहायचंच कशाला?

एकच शब्द, दोन राज्यं

आपला वाचक दोन्हीकडे आहे. तेलंगणात मंडल म्हणजे तहसीलदाराचं क्षेत्र, महाराष्ट्रातल्या तालुक्यासारखं. महाराष्ट्रात ‘मंडळ’ म्हणजे काही तलाठी सज्जे मिळून होणारं मंडळ अधिकाऱ्याचं क्षेत्र, तालुक्याहून बरंच लहान. म्हणून ‘बेला मंडळात अतिवृष्टी’ असं वाचून यवतमाळचा वाचक वेगळंच समजतो. तेलंगणाबद्दल लिहिताना ‘मंडल’ हाच शब्द ठेवावा, त्याचं ‘शुद्ध’ मराठी करू नये. योजनेच्या बातमीत राज्याचं नाव पहिल्याच ओळीत पाहिजे, नाहीतर किनवटचा शेतकरी तेलंगणाच्या योजनेसाठी कागद गोळा करत बसतो. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नाती, शेती, बाजार अजून दोन्हीकडे आहेत, योजना मात्र नाहीत.

१७ सप्टेंबरचंही ध्यानात ठेवावं. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन, इकडे वेगवेगळ्या सरकारांनी आणि पक्षांनी त्याला वेगवेगळी नावं दिली. कार्यक्रमाच्या बातमीत ज्यानं कार्यक्रम घेतला त्यानं दिलेलं नाव लिहावं.

आणि शुद्धलेखन?

आहेच की. पण त्याचा बाऊ किती करायचा हे ठरवावं. आज शाळेत आणि सरकारी कामात चालतात ते नियम मराठी साहित्य महामंडळाचे : १९६२ मध्ये सरकारनं मान्य केलेले १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, असे एकूण १८. रोजच्या लेखनातल्या बऱ्याच चुका त्यातले दोन-तीन नियम पाळले तरी जातात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद म्हणून ऱ्हस्व. जो अनुस्वार उच्चारला जात नाही तो द्यायचा नाही. बोलीसारखं ‘केलं’, ‘झालं’ लिहिताना मात्र शेवटी अनुस्वार येतो. हाताशी मो. रा. वाळंबे यांचं ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’, यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ किंवा अरुण फडके यांचं छोटं ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ यातलं एखादं पुस्तक असलं, तरी पुष्कळ.

अर्थ बदलणारी चूक आणि नुसती डोळ्याला खुपणारी चूक यांत फरक करावा. ‘पाणी’चं ‘पाणि’ झालं तर कोणी तहानलेला राहत नाही. ‘महाराष्ट्र दिन’चा ‘महाराष्ट्र दीन’ झाला तर मात्र दिवसाचा गरीब होतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना अर्धा ‘र’ हमखास बिघडतो, तेव्हा ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांची अदलाबदल होऊ शकते. आचारी खूश होतील, आचार्य होणार नाहीत. मोबाइलचा कीबोर्ड हिंदीवर राहिला तर ‘शाळा’ची ‘शाला’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. कीबोर्डची भाषा मराठी करायला अर्धं मिनिट लागतं.

एक गोष्ट मात्र तपासणाऱ्यानं करू नये. ‘तो येऊन राहिला’, ‘मले मालूम नाही’, ‘काहून बा’ असं कोणी बोललं असेल आणि ते अवतरणात असेल, तर ते पुण्याच्या मराठीत आणून ठेवायचं नाही. ती चूक नाही, ती इथली मराठी आहे. दुरुस्त करून लिहिलं तर बोलणाऱ्याच्या तोंडी त्यानं न बोललेलं वाक्य घातल्यासारखं होतं.

जिथे नंतरची दुरुस्ती चालतच नाही

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. त्यात नाव, पत्ता, फोटोच नव्हे तर कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, म्हणजे ज्यावरून ओळख पटेल असं काहीही येतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांनाही हेच संरक्षण देतं.

शहरातला वार्ताहर नाव गाळून मोकळा होतो. शे-दीडशे घरांच्या वस्तीत नाव गाळून काय होणार? गाव, इयत्ता आणि वडिलांचा धंदा, एवढ्यावर सगळ्यांना कळतं. म्हणून अशी बातमी वाचताना शब्द तपासायचे नाहीत. त्या गावच्या माणसाच्या नजरेनं वाचायचं, आणि त्याला कळेल असं जे जे आहे ते काढायचं. फोटोच्या मागची शाळेची पाटी आणि फाइलला दिलेलं नावसुद्धा बघायचं. इथे १५ मिनिटांत मेसेज बदलला याला काही अर्थ नाही.

वाचायचं कसं

स्वतःचं लिहिलेलं स्वतःला नीट दिसत नाही, कारण डोळा अक्षरं वाचत नाही, मनात असलेलं वाक्य वाचतो. त्यावर जुनाच उपाय : मोठ्यानं वाचणं. तोंड अडखळलं की तिथे काहीतरी आहे. मोबाइलवर लिहिलं असेल तर अक्षर मोठं करून बघावं, ओळी दुसरीकडे तुटतात आणि नजर नव्यानं फिरते. मजकूर बोलून टाइप केला असेल तर ऐकणाऱ्याला सारखे वाटणारे शब्द पहिल्यांदा बघावेत. पैनगंगा-वैनगंगा त्यातलेच.

दुसरा माणूस मिळाला तर उत्तम, आणि तो मराठीचा पंडित असायची गरज नाही. कापसाच्या भावाची बातमी अडत्याकडच्या मुनीमाला वाचून दाखवली तर तो ऱ्हस्व-दीर्घ सांगणार नाही, पण आकडा चुकला असेल तर सांगेल. आकडे मूळ कागदाशी जुळवताना एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं कागदावर टिक करायची, दुकानात संध्याकाळी वही मिळवतात तसं.

इतकं करूनही चूक राहते. मग काय? भाव, तारीख, गाव किंवा माणसाचं नाव चुकलं असेल तर गुपचूप बदलू नये. ज्या ज्या ग्रुपवर चुकीचं गेलं, त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकावी, आणि आधी काय लिहिलं होतं तेही सांगावं, नाहीतर जुना मेसेज वाचलेल्याला आपलं चुकलं हे कळतच नाही. दुरुस्ती एवढीच पुरे : ‘सकाळच्या पोस्टमध्ये लांब धाग्याच्या कापसाचा भाव ८,०११ लिहिला होता. तो चुकीचा आहे. बरोबर भाव ८,११०, अक्षरी आठ हजार एकशे दहा रुपये. दुरुस्ती दुपारी ३ वाजता.’